पलीकडे ऐकणारा कोण? ट्रकमधील सीबी रेडिओविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या दोन महिन्यांत ट्रकमध्ये बसवून दुसऱ्या ट्रकशी थेट बोलता येणाऱ्या सिटिझन बँड रेडिओविषयी, ज्याला सगळे थोडक्यात सीबी म्हणतात त्याविषयी, आमच्याकडे बरीच पत्रे आली. श्रीनगरहून कन्याकुमारीकडे जाणारा ४४ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आणि सुरतेकडून रायपूरकडे जाणारा ५३ क्रमांकाचा महामार्ग नागपुरात एकमेकांना भेटतात, त्यामुळे या शहरात ट्रकचा प्रश्न विचारणारे वाचक असणारच. एकाच विषयावरील पत्रे सुटी सुटी छापण्यापेक्षा या वेळचे संपूर्ण सदर त्याच विषयाला द्यावे, असे ठरविले आहे. पत्रे आवश्यक तेथे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : माझे सहा ट्रक नागपूर ते जबलपूर आणि नागपूर ते रायपूर असे चालतात. देवलापार सोडले की कुरईच्या घाटापर्यंत मोबाईलचा भरवसा नसतो आणि पुढची गाडी बंद पडली तर मागच्या चालकाला कळतच नाही. माझा मावसभाऊ अमेरिकेत ट्रक चालवितो. तो म्हणतो की सीबी संच बसवून घे, मी येताना सहा संच घेऊन येतो. कोणता संच घ्यावा आणि त्याला परवाना लागतो का? – एक ट्रकमालक, वाडी

उत्तर : कोणता संच घ्यावा, या प्रश्नाच्या आधी आणखी एक प्रश्न येतो आणि तो आपल्या पत्रात नाही. आपल्या चालकाने बटण दाबून हाक मारली, तर ती ऐकणार कोण? अमेरिकेत २७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातील ही सेवा १९५८ साली सुरू झाली, १९७७ पासून तिच्या वाहिन्या २३ वरून ४० झाल्या आणि तेथील ट्रकचालकांची १९ क्रमांकाची वाहिनी ही जणू महामार्गावरची चावडी बनली. आपले बंधू ज्या सोयीचे वर्णन करतात ती केवळ संचाची नाही. मागेपुढे धावणाऱ्या अनोळखी ट्रकांमध्येही तोच संच, त्याच वाहिनीवर चालू असतो, याची आहे. आपल्याकडे ती चावडी भरलेली नाही. मनसरच्या पुढे आपला चालक १९ वर कितीही बोलला तरी त्याला उत्तर मिळेल ते आपल्याच दुसऱ्या ट्रकमधून. म्हणून हा खर्च ‘आपल्याच गाड्यांचे आपसातले बोलणे’ एवढ्याच हिशेबाने करावा.

त्या हिशेबात अंतर महत्त्वाचे ठरते. सपाट, मोकळ्या रस्त्यावर दोन ट्रकमधील सीबी संच साधारण ५ ते १० किलोमीटरपर्यंत समाधानकारक बोलतात. घाटात, वळणामागे किंवा दाट जंगलात हे अंतर दोन-तीन किलोमीटरवरही येते. आपल्या गाड्या एकापाठोपाठ एक, काफिल्याने निघत असतील तर संच उपयोगी पडेल. सकाळी एक, दुपारी एक आणि रात्री एक अशा सुटत असतील, तर मात्र सहा संचांचे पैसे पाण्यात गेले असे समजावे. अशा वेळी गाड्यांची निघण्याची वेळ जुळविणे हा रेडिओपेक्षा स्वस्त उपाय आहे.

आता कायद्याविषयी. भारतात २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ हा पट्टा कमी शक्तीच्या सीबी संचांसाठी परवानामुक्त असून शक्तीची मर्यादा ५ वॅट आहे. परवानामुक्त याचा अर्थ मात्र नियममुक्त असा नाही. दुसऱ्या कोणाच्या अधिकृत सेवेत अडथळा आणावयाचा नाही, आपल्या बोलण्यात कोणाचा अडथळा आला तर संरक्षण मागावयाचे नाही आणि संचाच्या नमुन्याला दूरसंचार विभागाच्या वायरलेस शाखेची, म्हणजे डब्ल्यूपीसीची, मान्यता असली पाहिजे. मान्यता नसलेले सहा संच सामानातून आणणे म्हणजे विमानतळावर कस्टमशी हुज्जत घालण्याची तयारी ठेवणे होय. बंधूंचा जिव्हाळा समजतो. तरीही मान्यतापत्राचा क्रमांक दाखवून पक्के बिल देणाऱ्या येथल्याच विक्रेत्याकडून संच घेणे श्रेयस्कर.

अमेरिकन संचाविषयी आणखी एक बाब फारसे कोणी सांगत नाही. त्याच्या ४० वाहिन्या २६.९६५ पासून २७.४०५ मेगाहर्ट्झपर्यंत पसरलेल्या असतात आणि आपला पट्टा २७.२८३ ला संपतो. सत्ताविसावी वाहिनी २७.२७५ वर असल्याने आत बसते, अठ्ठाविसावी २७.२८५ वर, म्हणजे अगदी थोडक्यात पण बाहेर पडते. तेव्हा तो संच आपल्याकडे १ ते २७ एवढ्याच वाहिन्यांचा आहे असे धरावे आणि उरलेल्या १३ ना हात लावू नये. काही संचांवर सिंगल साइडबँड या बोलण्याच्या आणखी एका पद्धतीची सोय असते आणि तेथे १२ वॅट असे छापलेले असते. आपल्याकडील ५ वॅटची मर्यादा पाहता ती सोय वापरू नये. साध्या एएम किंवा एफएमवर हे संच ४ वॅट देतात आणि काफिल्याला तेवढे पुरते. सहाही संच एकाच पद्धतीवर ठेवावेत, कारण एक एएमवर आणि दुसरा एफएमवर असेल तर वाहिनी एकच असूनही बोलणे जुळणार नाही.

संच निवडताना चारच गोष्टी पाहाव्यात. ट्रकच्या गोंगाटात ऐकू येईल असा समोरच्या बाजूचा किंवा बाहेरून जोडता येणारा स्पीकर, अनावश्यक खरखर गाळणारे स्क्वेल्चचे बटण, लांबचा-जवळचा आवाज सांभाळणारे आरएफ गेन आणि विद्युत गोंगाट कापणारा नॉइज ब्लँकर. रंगीत दिवे, बोलून झाल्यावर वाजणारी पिपाणी आणि आवाज घुमविणारा ‘इको’ यांचे पैसे वाचवावेत. इको लावून बोलणारा चालक वरातीतल्या निवेदकासारखा ऐकू येतो आणि त्याने ‘डावीकडे बंद गाडी’ म्हटले की ‘उजवीकडे’ हे दोनदा विचारावे लागते. वाचलेल्या पैशात चांगला अँटेना घ्यावा, कारण या व्यवहारात संच हा पाव आणि अँटेना, त्याची केबल व अर्थिंग मिळून पाऊण, हे प्रमाण मी अनुभवाने सांगतो.

प्रश्न : माझी बारा चाकी गाडी २४ व्होल्टची आहे आणि सीबी संच १२ व्होल्टचा. आमचा इलेक्ट्रिशियन म्हणतो की दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरूनच तार घेतली की काम झाले. कन्व्हर्टरचा खर्च टाळावा काय? – एक चालक-मालक, कळमना

उत्तर : टाळू नये. हीच चूक मी स्वतः एका नातेवाइकाच्या गाडीत केली होती, तेव्हा ऐकीव सांगत नाही. दोन १२ व्होल्टच्या बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट होतात आणि अल्टरनेटरचा प्रवाह दोघींतून सारखाच जातो. एकीवरून रेडिओ चालविला की ती रोज थोडी अधिक रिकामी होते, भरताना मात्र तिला दुसरीइतकेच मिळते. परिणामी एक कायम उपाशी राहते, दुसरीला अजीर्ण होऊन तिचे पाणी उकळते आणि काही महिन्यांत दोन्ही जातात. आमच्या वेळी पहिली बॅटरी पावसाळ्यात गेली, दुसरी दिवाळीच्या आत. त्या जोडीच्या किमतीत तीन चांगले कन्व्हर्टर आले असते आणि त्या नातेवाइकाने ते मला अनेक वेळा ऐकविले.

२४ व्होल्टचे १३.८ व्होल्ट करून देणारा, निदान ५ अँपिअरचा डीसी-डीसी कन्व्हर्टर घ्यावा. ४ वॅटचा संच बोलताना साधारण २ अँपिअरच्या आत घेतो, त्यामुळे ५ अँपिअरमध्ये पुरेशी मोकळीक राहते. काही ठिकाणी मधे रेझिस्टर किंवा बल्ब टाकून व्होल्टेज उतरविण्याची युक्ती सुचविली जाते. संच ऐकताना फारच कमी आणि बोलताना एकदम जास्त प्रवाह घेत असल्यामुळे त्या युक्तीने व्होल्टेज स्थिर राहत नाही आणि संच जळण्याचा संभव असतो.

तार बॅटरीपासून थेट आणावी. सिगारेट लायटरच्या खाचेतून किंवा टेपरेकॉर्डरच्या तारेतून नव्हे. फ्यूज बॅटरीजवळ, प्लसच्या तारेवर असावा. तार घासून चेसिसला लागली तर जळणारी गोष्ट फ्यूज असावा, कॅबिन नव्हे, एवढाच त्याचा हेतू आहे आणि संचाजवळ लावलेल्या फ्यूजने तो साधत नाही. आपल्या ट्रकमध्ये मायनसची तार तोडणारा कट-ऑफ स्विच असेल तर संचाची मायनस तार बॅटरीच्या टोकाला न बांधता चेसिसला बांधावी. अन्यथा कट-ऑफ बंद असतानाही गाडीतील इतर उपकरणांचा प्रवाह अँटेनाच्या केबलमधील मधल्या तारेभोवतीच्या जाळीतून आणि संचातून परतीची वाट शोधतो. पहिल्यांदा जोडण्यापूर्वी कन्व्हर्टरच्या बाहेरच्या टोकांवर मल्टिमीटर लावून प्लस-मायनस आणि व्होल्टेज स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे.

आपली गाडी १२ व्होल्टची पिकअप असती तर यातील निम्मे उत्तर गाळता आले असते.

प्रश्न : मी ट्रकच्या बॉडी बांधतो. एका गिऱ्हाइकाने जुन्या गाडीच्या लाकडी कॅबिनवर आणि दुसऱ्याने नव्या कंटेनरच्या गाडीवर सीबीचा अँटेना बसवून मागितला आहे. दोघांनाही दोन बाजूंच्या आरशांच्या दांड्यांवर दोन अँटेने पाहिजेत. जागा कोणती धरावी आणि बसविल्यावर बरोबर बसला हे ओळखावे कसे? – एक कारागीर, कापसी

उत्तर : आपल्या प्रश्नाला सविस्तर उत्तर देतो, कारण संच चांगला असून बोलणे होत नाही अशा दहा तक्रारींपैकी आठ येथेच येऊन थांबतात.

२७ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ११ मीटर असते. तिचा चौथा हिस्सा, म्हणजे २.७५ मीटर किंवा ९ फूट उंचीचा सरळ दांडा हा स्वाभाविक अँटेना होय. एवढा दांडा ट्रकवर चालत नाही, म्हणून तार गुंडाळून, म्हणजे कॉइल घालून, तो तीन-चार फुटांवर आणतात. येथे एक तत्त्व ध्यानात ठेवावे : दांडा हा अँटेनाचा अर्धाच भाग आहे आणि दुसरा अर्धा भाग म्हणजे त्याच्या खालचे गाडीचे लोखंड. लाकडी चौकटीवर पत्रा ठोकलेल्या जुन्या कॅबिनमध्ये हा दुसरा अर्धा भागच नसतो, किंवा असला तरी पत्र्याचा प्रत्येक तुकडा दुसऱ्यापासून सुटा असतो. तेथे अँटेना ज्या पट्टीवर बसतो त्या पट्टीपासून चेसिसपर्यंत विणलेल्या तांब्याची रुंद पट्टी, शक्य तितकी आखूड, न्यावी आणि पत्र्याचे तुकडे एकमेकांना व चेसिसला जोडून घ्यावेत. साधी बारीक तार येथे पुरेशी नाही. या वारंवारतेवर रुंदी मोलाची असते.

पोलादी कॅबिनमध्येही फसगत होते ती आरशाच्या दांडीवर. आरसा दारावर, दार बिजागरीवर आणि बिजागरीत रंग व ग्रीस, अशी स्थिती असल्याने दांडीला अर्थिंग मिळतेच असे नाही. मल्टिमीटरचे एक टोक अँटेनाच्या पट्टीला आणि दुसरे चेसिसच्या खरवडलेल्या जागेला लावून पाहावे; १ ओहमपेक्षा जास्त दाखवीत असेल तर दारापासून कॅबिनपर्यंत वळणारी विणलेली पट्टी द्यावी. बोल्टखालचा रंग खरवडण्याला मालक कुरकुरतो. त्याला खरवडून झाल्यावर वरून रंग देण्याचे आश्वासन द्यावे, पण खरवडावेच.

कंटेनरच्या गाडीत अडचण निराळी आहे. कॅबिनच्या मागे तिच्यापेक्षा उंच लोखंडी भिंत उभी असते आणि तिच्या सावलीत अँटेना असला की मागच्या गाडीपर्यंत आवाज धड पोचत नाही. ज्याची कॉइल वरच्या टोकाकडे आहे असा अँटेना घ्यावा आणि त्याचा वरचा भाग कंटेनरच्या माथ्यावर डोकावेल अशी जागा धरावी. मात्र किती डोकावेल ते टेपने मोजून मालकाला लिहून द्यावे. रेल्वे फाटकावरील विद्युत तारांत २५,००० व्होल्ट असतात आणि तेथील हाईट गेजला, म्हणजे उंची मर्यादित ठेवणाऱ्या आडव्या दांडीला, अँटेना लागला तर तो दुमडला पाहिजे. वर उचलून तारेकडे जाता कामा नये. खाली स्प्रिंग असलेला अँटेना म्हणूनच बरा.

दोन अँटेन्यांचा आग्रह दिसण्यासाठी असेल तर गिऱ्हाइकाच्या हौसेचा मान राखावा, पण उपयोगासाठी असेल तर समजावून सांगावे. दोघांत साधारण ९ फुटांचे अंतर असेल तर त्यांचा प्रभाव गाडीच्या पुढे-मागे चांगला पडतो. ट्रकची रुंदी अडीच मीटरच्या आसपास असल्याने ते अंतर पुरते मिळत नाही. शिवाय दोघांना जोडणारी केबल खास असते आणि तेथे ७५ ओहमच्या ठरावीक लांबीच्या तारा लागतात. एकाच अँटेनाला मात्र ५० ओहमची आरजी ५८ जातीची किंवा तिच्याहून जाड केबल हवी. डिश टीव्हीची केबल ७५ ओहमची असते. घरात शिल्लक पडलेली आहे म्हणून ती एकट्या अँटेनाला जोडू नये. एक अँटेना, चांगल्या अर्थिंगसह, जाणत्याने बसविलेला, हा दोन शोभेच्या दांड्यांपेक्षा दूर बोलतो.

आता बरोबर बसला हे ओळखण्याविषयी. यासाठी एसडब्ल्यूआर मीटर नावाचे लहानसे उपकरण मिळते आणि बसविण्याचे काम आपण वारंवार करणार असाल तर ते विकतच घ्यावे. संचातून निघालेली शक्ती अँटेनाने किती स्वीकारली आणि किती परत लोटली, याचे ते माप आहे. आकडा १.५ असेल तर सुमारे ४ टक्के शक्ती परत येते, २ असेल तर ११ टक्के आणि ३ असेल तर २५ टक्के. १.५ च्या आत उत्तम, २ पर्यंत चालेल, ३ वर मात्र बोलू नये, कारण परतलेली शक्ती संचाच्या शेवटच्या ट्रान्झिस्टरला भाजून काढते.

गाडी पत्र्याच्या शेडखालून काढून मोकळ्यावर, दुसऱ्या ट्रकपासून दूर उभी करावी. दारे बंद असावीत आणि अँटेनाजवळ कोणी उभे राहू नये. मीटर संच व केबल यांच्या मध्ये आखूड तुकड्याने जोडावे. आधी वाहिनी मोकळी आहे ना हे ऐकावे, मग न बोलता बटण दाबून मीटरचा काटा खुणेवर आणावा आणि कळ फिरवून परतीचे माप पाहावे. अमेरिकन पुस्तिकेत हे माप १, १९ आणि ४० या वाहिन्यांवर घ्यावे असे लिहिलेले असते. आपल्या पट्ट्याप्रमाणे ते १, १४ आणि २७ वर घ्यावे. पहिल्या वाहिनीवर आकडा मोठा आणि सत्ताविसाव्यावर लहान आला तर दांडा आखूड आहे, तो थोडा बाहेर काढावा. उलट आले तर लांब आहे, आत सारावा. एका वेळी चार-पाच मिलिमीटरपेक्षा जास्त हलवू नये आणि दांडा कापण्याची घाई तर मुळीच करू नये, कारण कापलेला परत वाढत नाही.

तिन्ही वाहिन्यांवर आकडा ३ च्या वर असेल तर लांबीशी खेळत बसू नये. तेव्हा दोष अर्थिंगचा असतो, नाहीतर कनेक्टरमध्ये जाळीचा एखादा केस मधल्या तारेला लागलेला असतो. कनेक्टर उघडून पाहावा. मल्टिमीटरने मधली तार आणि जाळी जोडलेली दिसली तरी एकदम घाबरू नये. काही अँटेन्यांच्या तळाशी असलेली कॉइल मल्टिमीटरला शॉर्टसारखीच दिसते. अँटेना सोडवून फक्त केबल मोजली की निर्णय होतो.

शेवटचे काम पावसाळ्याचे. बाहेरच्या कनेक्टरवर आधी ताणून चिकटणारी रबरी टेप आणि वरून साधी काळी टेप गुंडाळावी, आणि केबल कॅबिनमध्ये शिरण्यापूर्वी तिला खाली एक झोल द्यावा म्हणजे पाणी तेथूनच ठिबकून जाईल. संच मात्र समोरच्या काचेखाली उघड्यावर बसवू नये. नवतपात बंद कॅबिनचा डॅशबोर्ड हाताला चटका देतो. त्या जागी ठेवलेल्या काळ्या डब्याची काय अवस्था होत असेल ते सांगावयास नको. डोक्यावरच्या फळीखाली किंवा डॅशबोर्डच्या पोटाशी, हवा लागेल अशी जागा निवडावी.

प्रश्न : माझा मुलगा ट्रक चालवितो. मोबाईलवर बोलत गाडी चालवू नये असे आपण सांगतो आणि आता हा हातात माइक घेऊन बोलणार. हे चालते का? – एक माता, हिंगणा

उत्तर : आपली शंका रास्त आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने वाहन चालविताना हातात धरावयाचे संपर्क साधन वापरणे हे धोकादायक वाहनचालन ठरविले आहे आणि पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. दोरीला बांधलेला माइक हातात धरला की तो या व्याख्येत येत नाही, असा वाद घालण्यात अर्थ नाही. माइक क्लीनरच्या बाजूला टांगावा आणि बोलण्याचे काम क्लीनरचे ठेवावे. मुलगा एकटाच असेल तर त्याने ऐकावे आणि गाडी बाजूला लावून उत्तर द्यावे. अपघात झाला तर सीबीवर हाक मारण्यात वेळ घालवू नये. अमेरिकेत ९ क्रमांकाची वाहिनी संकटासाठी राखलेली आहे, आपल्याकडे तिच्यावर कोणी कान देऊन बसलेले नाही. येथे ११२ आणि राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हे क्रमांक, आणि रेंज नसेल तर रेंज असलेल्या ठिकाणापर्यंत निरोप पोचविणारी पुढची गाडी. सीबीचा खरा उपयोग या शेवटच्या टप्प्यात होतो.

प्रश्न : काकांच्या ट्रकमधील सीबीवर गेल्या हिवाळ्यात भर दुपारी परकीय भाषेतील बोलणे ऐकू आले. दहा किलोमीटर जाणारा आवाज परदेशातून कसा येतो? – एक विद्यार्थी, रामटेक

उत्तर : जमिनीलगत जाणारी लहर दहा किलोमीटरमध्ये दमते, पण तीच लहर आकाशाकडे गेली आणि वर शेकडो किलोमीटर उंचीवरील आयनांच्या, म्हणजे विद्युतभारित कणांच्या, थरात वाकली तर हजारो किलोमीटर दूर उतरते. २७ मेगाहर्ट्झवर हे नेहमी घडत नाही. सूर्यावरील डागांचे चक्र सुमारे ११ वर्षांचे असते. ते भरात असताना सूर्याचे किरण तो थर अधिक दाट करतात आणि दिवसा अशी दारे उघडतात. सध्याचे चक्र २०२४ च्या सुमारास भरात आले, म्हणून या काळात आपल्याला हा अनुभव आला. यातून व्यवहाराचा एक मुद्दा निघतो. अशा दुपारी त्या दूरच्या कुजबुजीखाली मागच्या गाडीचा आवाज दबतो, तेव्हा काकांना दुसरी मोकळी वाहिनी आधीच ठरवून ठेवण्यास सांगावे. आपल्याला त्या दूरच्या आवाजांचेच कुतूहल असेल तर सीबीवर त्यांना उत्तर देण्यापेक्षा हौशी रेडिओची, म्हणजे हॅमची, परीक्षा द्यावी. मात्र त्या परवान्यावर काकांच्या भाड्याच्या गोष्टी बोलता येत नाहीत.

प्रश्न : आमच्या गाड्या उमरेडकडील कोळसा खाणींत जातात. तेथे संच चालू ठेवता येतो का? – एक वाहतूकदार, नागपूर

उत्तर : खाणीच्या फाटकावर संच बंद करावा, आवाज कमी करून भागणार नाही. खुल्या खाणीत सुरुंगांसाठी विद्युत डिटोनेटर वापरलेले असू शकतात आणि जवळून होणाऱ्या रेडिओ प्रक्षेपणाने त्यांच्या तारांत प्रवाह निर्माण होण्याचा धोका असतो. स्फोटके वाहून नेणाऱ्या गाडीच्या जवळ आणि पेट्रोलच्या टँकरची चढ-उतार चालू असतानाही हाच नियम पाळावा. चालक विसरतो, म्हणून संचाची तार वेगळ्या, सहज दिसणाऱ्या स्विचवरून घ्यावी.

प्रश्न : सीबीच्या भानगडीऐवजी ऑनलाइन मिळणारे स्वस्त वॉकीटॉकी घेतले तर? – एक वाचक, बुटीबोरी

उत्तर : ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ एवढ्याच पट्ट्यात चालणारे कमी शक्तीचे, मान्यताप्राप्त वॉकीटॉकी परवान्याशिवाय वापरता येतात. गोदामाच्या आवारात गाडी मागे घेताना ते सीबीपेक्षा सोयीचे आहेत, महामार्गावर कॅबिनच्या आतून मात्र फार दूर पोचत नाहीत. बाजारात जे अतिस्वस्त मिळतात ते बहुधा पोलीस व इतर सेवांच्या पट्ट्यांतही बोलू शकणारे असतात आणि ते परवान्याशिवाय बाळगणेही अंगाशी येते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२५ मध्ये अशा ऑनलाइन विक्रीविरुद्ध नोटिसा काढल्या आणि विक्रेत्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वेही जाहीर केली. जाहिरातीत वारंवारता आणि मान्यतेचा क्रमांक दिलेला नसेल तर ते पान बंद करावे.

प्रश्न : संच बसविला, अँटेनाही मीटरने जुळविला, एसडब्ल्यूआर १.४ आहे. तरीही इंजिन सुरू केले की एवढी घरघर होते की समोरचा काय बोलतो ते कळत नाही. – एक चालक, कामठी

उत्तर : आपले निम्मे काम उत्तम झाले आहे. डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतात, त्यामुळे पेट्रोल गाडीतली टकटक येथे नसावी. आधी अँटेनाची केबल संचामागून काढून पाहावी. घरघर तशीच राहिली तर ती विजेच्या तारेतून येते आहे. नाहीशी झाली तर अँटेना ती हवेतून उचलतो आहे. इंजिनच्या वेगाबरोबर सूर चढत-उतरत असेल तर अल्टरनेटरकडे पाहावे आणि संचाच्या तारेवर फिल्टर बसवावा. सूर एकसारखा असेल तर एकेक वस्तू बंद करीत जावे : समोरचे एलईडी दिवे, मोबाईलचा चार्जर, पंखा, कॅबिनवरची रंगीत रोषणाई. स्वस्त एलईडी पट्ट्यांतील सर्किट हे या गोंगाटाचे फार मोठे कारण असते, पण आपले चालक बंधू रोषणाई काढावयास तयार होत नाहीत. तेव्हा निदान अँटेनाजवळची पट्टी तरी दुसरीकडे हलवावी. सगळे बंद करूनही सूर राहिला तर तो २४ व्होल्टच्या कन्व्हर्टरचा असतो. त्याला संचाच्या पाठीवरून काढून हातभर दूर, चेसिसला पक्का कसून बसवावा, त्याच्या बाहेरच्या तारा एकमेकींना पीळ देऊन न्याव्यात आणि त्यांना गोंगाट अडविणारे फेराइटचे कडे घालावे.